फुलराणी आणि आय

मित्रांनो, ही गोष्ट मी आजवर कुठल्या सभेत सांगितली नाही. सभेत आपण लोकांनी आपल्याला काय केलं ते सांगतो. ते सांगायलाच पाहिजे. पण ही गोष्ट मी माझ्या आयला काय केलं त्याची आहे. घडली पुण्यात, पेशवे पार्कात, १९७४ साली. मी आठ वर्षांचा होतो.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही करमाळ्याकडनं पुण्याला आलो. दांडेकर पुलाजवळ झोपडं घातलं. बाप मुन्सिपालटीत बदली झाडूवाला लागला. बदली म्हणजे कायमचा माणूस आला नाही तर काम, आला तर घरी. आय पेठेतल्या एका वाड्यात अंगण झाडायची, धुणं धुवायची. आतल्या खोलीत पाय टाकायचा नाही. तहान लागली तर बाई तांब्यातनं वरनं पाणी ओतायची, आय ओंजळ धरायची. हे १९७४ साली. घटनेला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.

त्या घरातल्या पोराचे कपडे लहान झाले की बाई आयच्या ओच्यात टाकायची. वरनंच. हाताला हात लागायचा नाही. त्यातलाच एक निळा चौकटीचा शर्ट माझ्या अंगाला बरोब्बर बसला. तो घातला की मला वाटायचं, आपण वस्तीतले नाहीच.

वस्तीतनं फुलराणीची शिट्टी ऐकू यायची. फुलराणी म्हणजे पार्कातली पोरांची आगगाडी. छोटं इंजन, छोटे डबे, छोटं स्टेशन. शाळेतली पोरं तिच्यात बसून आलेली. मी आयच्या मागं लागलो. आय म्हणाली, रविवारी जाऊ.

थोरला भाऊ तेव्हा कॉलेजात. पँथरच्या सभांना जायचा. तो भडकला. "पेशव्यांच्या नावाची बाग ती. त्यांच्या राज्यात आपल्या आज्या-पणज्याच्या गळ्यात मडकं नि कमरेला झाडू होता. तिथं आपण तिकीट काढून गाडीत बसायचं?"

आय चुलीपुढनं उठली नाही. म्हणाली, "बाग मुन्सिपालटीची हाय. मुन्सिपालटी झाडतो कोन? तुजा बाप. त्यानं झाडलेल्या जागंत त्याचं लेकरू का खेळंना?"

दादा गप्प झाला. मला आज वाटतं, दोघांचंही खरं होतं.

पुण्याबाहेरच्या मित्रांसाठी जागा सांगतो. शहराच्या दक्षिणेला पर्वतीची टेकडी. वर नानासाहेब पेशव्यानं १७४९ मध्ये देवळं बांधली. पायथ्याला मोठं तळं खोदवलं. तळ्यात बेट, बेटावर बाग. तीच सारसबाग. तिथं सवाई माधवरावानं १७८४ साली गणपती बसवला. म्हणून जुनी माणसं अजून तळ्यातला गणपती म्हणतात. पुढं तळं आटवलं, बुजवलं. त्याच जमिनीवर आजची सारसबाग नि पेशवे पार्क. १९५३ साली तिथं वाघ-सिंहांचे पिंजरे आले. ८ एप्रिल १९५६ ला फुलराणी सुरू झाली. त्याच साली १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली. म्हणजे फुलराणी आपल्या दीक्षेपेक्षा सहा महिन्यांनी मोठी.

तळं खोदताना कुणाच्या डोक्यावर पाट्या होत्या, त्यांची नावं तिथं कुठल्या दगडावर नाहीत.

रविवारी आयनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. मी निळा शर्ट घातला. पदराच्या गाठीत पैसे. आधी वाघ बघितला. आय म्हणाली, "बसून खातोय बिचारा." मग माकडं, मोर. मग झोपाळे, घसरगुंडी. लोखंडाची घसरगुंडी, उन्हानं तापलेली. मी चड्डी भाजून घेत दहादा घसरलो. बाहेर रस्त्याकडेला हातानं फिरवायचा लाकडी पाळणा होता. चार पेट्या, नि एक माणूस दांडा ओढणारा. पाळणा वर गेला की पर्वती दिसायची, खाली आला की आय. कुणी हटकलं नाही. कुणी जात विचारली नाही. तसं झालं असतं तर गोष्ट सोपी झाली असती.

तहान लागली. नळ होता. मी तोंड लावून प्यालो. आय नळापाशी उभी राहिली, तिनं ओंजळ धरली नि थांबली. नळ तिच्या हाताशी होता. ती कुणीतरी सोडायची वाट बघत होती. मी म्हणालो, "आय, सोड की." ती हसली. "इसारलेच बग," म्हणाली. मी शरमलो. आजूबाजूला कुणी बघितलं का ते बघितलं. बाईचा तांब्या तिच्या हातात किती खोल गेला होता ते मला कळलं नाही. मला फक्त कळलं की माझी आय बावळट दिसली.

फुलराणीच्या खिडकीवर आयनं गाठ सोडली. पैसे मोजले. एकच तिकीट घेतलं. "तू बस. मला चक्कर येती," म्हणाली. चक्कर तिला कधी येत नव्हती. डोक्यावर धुण्याचं पिळं घेऊन चढायची ती.

डब्यात माझ्यासमोर दोन पोरं. तेल लावून भांग पाडलेली. त्यांची आई मागच्या डब्यात. एकानं विचारलं, शाळा कुठली? मी सांगितली. दुसरा म्हणाला, "शर्ट छान आहे." मला आभाळ ठेंगणं झालं. शिट्टी झाली. गाडी निघाली. आय कुंपणाला टेकून उभी. हात हलवला. मी हलवला नाही. गाडी वळणानं फिरून आली. आय तिथंच. आता तिनं पदर खोचून दोन्ही हात वर केले नि मोठ्यानं हाक मारली, घरच्या नावानं. वस्तीतल्या बाया हाक मारतात तशी.

समोरचा पोरगा म्हणाला, "त्या बाई तुला हाक मारतात का रे? कोण आहेत त्या?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

एवढंच. दोन शब्द. गाडी पुढं गेली.

उतरल्यावर आयनं कागदाच्या पुडीत चुरमुरे आणि फुटाणे घेऊन दिले. "बरं वाटलं का?" म्हणाली. मी हो म्हणालो. घरी येईस्तोवर ती काही बोलली नाही. मला वाटलं दमली असेल.

त्यानंतर एक गोष्ट झाली, तिचा अर्थ मला लागायला चाळीस वर्षं गेली. आय वाड्यातलं काम आटोपून कधीकधी माझ्या शाळेवरनं यायची. आधी ती फाटकाशी येऊन हाक मारायची. नंतर ती रस्त्याच्या पलीकडं उभी राहायला लागली. हात करायची नाही. मी दिसलो की चालायला लागायची, आणि मी दहा पावलं मागनं. मला ते सोयीचं होतं.

थोडा मोठा झालो तसं दादानं मला पर्वतीवर नेलं. एकशेतीन पायऱ्या. वर बसवून सांगितलं, १३ ऑक्टोबर १९२९ ला आपली माणसं इथं देवळात शिरायला आली होती. शिवराम जानबा कांबळे होते, पां. ना. राजभोज होते. सवर्णातलेही काही तरुण बरोबर होते. दारं बंद केली. दगड, चपला, शिव्या. राजभोजांचं डोकं फुटलं. टेकडीच्या खाली बोट करून दादा म्हणाला, "ती बघ तुझी फुलराणी." वरनं गाडी काड्यापेटीएवढी दिसत होती. सत्याग्रहानंतर सत्तावीस वर्षांनी त्याच टेकडीच्या पायथ्याला ती सुरू झाली आणि तिकीट असेल त्याला बसता आलं. मधली सत्तावीस वर्षं फुकट गेली नव्हती.

दादा म्हणायचा, खेळणं-बिळणं मध्यमवर्गाचं, आपल्यापुढं भाकरीचा प्रश्न आहे. मीही पुढं चळवळीत तसंच बोललो. आता तसं बोलवत नाही. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते काही महाडात प्यायला दुसरं पाणी नव्हतं म्हणून नव्हे. आपणही माणसं आहोत हे ठरवायला गेले. आणि १९३४ सालची गोष्ट आठवा. बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांबरोबर दौलताबाद, वेरूळ बघायला निघाले होते. सहलच ती. धुळीनं माखले होते, किल्ल्याच्या दाराशी पाण्यानं हातपाय धुतले. लगेच आरडाओरडा, यांनी पाणी बाटवलं. शेवटी किल्ला बघायला मिळाला तो बरोबर हत्यारी शिपाई घेऊन, कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून. एवढ्या शिकलेल्या माणसाला साधी सहल मोकळेपणी करता आली नाही. म्हणजे मौजेवरही पहारा होता. पहारा होता ती गोष्ट क्षुल्लक कशी?

पहारा बाहेरचा असतो तोवर त्याच्याशी भांडता येतं. त्या रविवारी पार्कात शिपाई नव्हता. नळावर पाटी नव्हती. आयचा पहारा तिच्या ओंजळीत होता आणि माझा माझ्या जिभेवर. वाड्यातल्या बाईनं माझ्या आयला आत घेतलं नाही. मी तिला डब्याबाहेर ठेवलं. बाईकडं निदान शास्त्राचं निमित्त होतं. माझ्याकडं काय होतं? दुसऱ्याचा शर्ट.

आय १९९८ साली गेली. फुलराणीत ती कधीच बसली नाही. मला नोकरी लागल्यावर एकदा म्हणालो होतो, चल बसू. म्हणाली, "आता कुटं, लोकं हसतील." आम्ही गेलो नाही.

२०१६ साली फुलराणीला साठ वर्षं झाली. मी नातीला घेऊन गेलो. वाघ-सिंह कधीच कात्रजला गेले होते, १९९९ साली. पिंजऱ्यांच्या जागी पायडल मारून चालवायची खेळणी. गाडी मात्र तीच बुटकी. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेर थांबा, मी एकटी बसते." मी कुंपणाला टेकून उभा राहिलो. आय उभी होती त्याच बाजूला.

गाडी वळणावरनं आली. नात समोरच्या पोरीला सांगत होती, "ते माझे आजोबा आहेत, ते रडतात पण कधी कधी." मला शब्द न् शब्द ऐकू आला. गाडी इतक्या जवळनं जाते. हात लांब केला तर डब्याला लागेल.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रूळ हलले नव्हते. कुंपण हललं नव्हतं. म्हणजे आयनं ऐकलं होतं.

ऐकलं, आणि चुरमुरे घेऊन दिले. ऐकलं, आणि शाळेच्या रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली, हात न हलवता, पोराला अडचण नको म्हणून. चोवीस वर्षं तिनं ते बोलून दाखवलं नाही. मी सभांमधनं माय-मातीवर बोलत राहिलो, टाळ्या घेत राहिलो.

नात उतरली. म्हणाली, "तुमची आई आणायची का तुम्हाला इथं?" मी हो म्हणालो. "मग ती बसायची?" मी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. शर्ट, नळ, ते दोन शब्द. आठ वर्षांच्या पोरीला सांगावं का, असा विचार आला होता. पण मीही तेव्हा आठच वर्षांचा होतो. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुम्ही सॉरी म्हणायला पाहिजे होतं." म्हणालो, "हो, पाहिजे होतं." मग तिला तहान लागली. नळावर गेली, स्वतः सोडला, प्याली, अंगावर सांडवलं, बंद न करताच पळाली. मी नळ बंद केला.

पोरांनो, तुम्ही मोर्चे काढता, निवेदनं देता, रात्र रात्र जागून अशी पानं छापता. ते करा. पण तुमच्यातला कुणी कॉलेजच्या फाटकाशी आलेल्या बापाला मित्रांपुढं "गावाकडचे ओळखीचे" म्हणाला असेल, कुणी आडनाव गिळलं असेल, कुणी आयला फोटोतनं बाजूला केलं असेल, तर तेही लिहा. लिहिताना व्यवस्थेला शिव्या द्या, तिनंच ही लाज पेरली. पण शेवटी एक वाक्य स्वतःवर घ्या. दोन शब्द माझ्या तोंडातनं गेले होते, पेशव्यांच्या नाही.

आणि आय जिवंत असेल तर येत्या रविवारी तिला कुठल्या तरी बागेत न्या. दोन तिकिटं काढा. चक्कर येती म्हणाली तर ऐकू नका.