भुरी

आर्वीच्या आमच्या घरामागील परसांत वहिनींनीं लाल भोपळ्याचा वेल लाविला होता. दिवाळीनंतरचे दिवस, दुपारीं कोरडें ऊन, रात्रीं गारवा. एके सकाळीं वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पानांवर पीठ सांडल्यासारखें दिसतें हो." आम्ही वर्तमानपत्रांतून मान वर न करितां उत्तरलों, "रस्त्याची धूळ असेल!"

ती धूळ नव्हती. भुरी नांवाची बुरशी होती.

पान हा वेलाचा मिळवता पुरुष. हवेंतील कर्बवायु व मुळांनीं आणलेलें पाणी यांपासून उन्हाच्या बळावर तें साखर करितें आणि स्वतःपुरती ठेवून बाकीची फळाकडे धाडतें. भुरीचे बीजाणु वाऱ्यानें येऊन पानावर रुजतात. पुष्कळ बुरश्यांना रुजावयास पानावर पाणी लागतें. हिला हवेंतील ओलावा पुरतो. तिचें जाळें वरवरच पसरतें, पण तिचे सूक्ष्म शोषक तंतु पानाच्या वरच्या पेशींत शिरून आयती साखर ओढतात. पांढऱ्या थरानें ऊन अडतें, हरितद्रव्य घटतें, श्वसन मात्र वाढतें. म्हणजे मिळकत कमी आणि खर्च अधिक! टोमॅटोवरील करपा पेशी मारून त्यांवर जगतो. भुरीला पान जिवंतच हवें असतें. म्हणून पान बरेच दिवस उभें दिसतें आणि पाहणारा फसतो.

आम्हीही फसलों. पानें वाळलीं, दोन्ही भोपळे उघडे पडले, सालीला उन्हाचे चट्टे पडले. गर अगोड निघाला, आणि घारग्यांत गूळ दुप्पट घालावा लागला.

वास्तविक उपाय जुनाच होता. इ.स. १८४५ मध्यें इंग्लंडांत टकर नांवाच्या माळ्यानें द्राक्षांवरील भुरी पाहिली व तिच्यावर गंधक आणि चुना वापरला. पहिले ठिपके दिसतांच तीं पानें खुडावीं, वेलांची दाटी करूं नये, नत्रखताचा अतिरेक टाळावा. पाण्यांत मिसळणारें गंधक थंड वेळींच फवारावें. कडक उन्हांत भोपळवर्गाचीं पानें त्यानें भाजतात.

यंदा वहिनी म्हणाल्या, "हल्लीं जिना चढतांना दम लागतो हो." त्या पहांटेपासून रात्रीपर्यंत उभ्याच दिसतात, म्हणून कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. या खेपेस आम्हीं वर्तमानपत्र खालीं ठेविलें. त्याच सायंकाळीं त्यांना डॉक्टरांकडे नेलें. रक्त फार कमी झालेलें निघालें. आतां औषध चालू आहे, आणि पहांटेचा चहा आम्ही करितों.