चाल मामाची, ठेका भाच्याचा

९ जून २०२५
आज वसंत देसाईंचा जन्मदिवस. भाच्याला म्हटलं तर तो म्हणतो, “मामा, त्यांचा आणि कार्टूनचा काय संबंध?” मग ‘एक अनेक और एकता’ लावून दाखवली. १९७४ची ही छोटी फिल्म विजया मुळे यांची. चित्रं भीमसेन यांची, आवाज लहानग्या साधना सरगमचा आणि संगीत देसाईंचं. गाणं त्याला तोंडपाठ निघालं, संगीतकार मात्र आज कळला.
ससा-सिंहाच्या गोष्टीवरच्या छोट्या अॅनिमेशनपटाचं संगीत आम्ही दोघं करतोय. विषय निघाला तो त्यावरूनच.

११ जून
वाटणीवर बराच खल झाला. ‘रान तुझं, विहीर माझी’ असं प्रसंगवार वाटून घ्यायला तो तयार होता. मी नको म्हटलं. तसं केलं तर एकाच गोष्टीत दोन सिंह झाले असते. ठरलं असं की चाली मी बांधायच्या, ठेके आणि वाद्यमेळ त्यानं बघायचा आणि लय दोघांनी मिळून पक्की करायची.
कारण अॅनिमेशनमध्ये लय म्हणजे हिशेब. सेकंदाला २४ फ्रेम. मिनिटाला ९० मात्रांची लय धरली की एका मात्रेला बरोबर १६ फ्रेम येतात. एक चित्र दोन फ्रेम ठेवायचं म्हटलं तर आठ चित्रं. १०० मात्रांची लय घेतली तर १४.४ फ्रेम, वरच्या पॉइंट चारचं चित्र कोण काढणार? चित्रकारानं ९०वरच बोट ठेवलं.

१६ जून
दिवसभर विहिरीचा प्रसंग. सिंह वाकून पाण्यात बघतो, तिथं मी पेटीवर भीतीची एक लांब सुरावट बसवली होती. भाचा ऐकत राहिला आणि म्हणाला, “मामा, हितं पेटी नको. हलगीची एकच थाप, मग गप्प.” तसं लावून बघितलं. थाप सिंहाच्या नजरेवर पडली, पुढं दोन मात्रा काहीच नाही, मग उडी. सुरावट काढली. तिचे पहिले चार सूर सशाच्या परतीच्या चालीत बसले.

१९ जून
‘अयोध्येचा राजा’ पुन्हा बघितला. १९३२चा बोलपट, प्रभातनं इथं कोल्हापुरातच काढलेला. संगीत गोविंदराव टेंब्यांचं आणि हरिश्चंद्रही तेच. गाणं आणि चित्र एकाच वेळी टिपायचे ते दिवस. नट गाणार, वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसणार. संगीतकारच राजाच्या वेशात उभा म्हटल्यावर साथीला जाणता माणूस हवाच. टेंब्यांचे सहायक होते तरुण वसंत देसाई. पुढं प्रभातमध्येच मास्तर कृष्णरावांच्या हाताखालीही ते शिकले. दुसऱ्याच्या चालीला आपला हात लावायचा, पण आपली छाप पाडायची नाही, हे शिक्षण कुठल्या वर्गात मिळत नाही.

२३ जून
भाच्यानं ‘कुंग फू पांडा’ दाखवला. २००८चा. संगीत हान्स झिमर आणि जॉन पॉवेल या दोघांचं. त्याआधी १९९८च्या ‘अँट्झ’मध्ये पॉवेल आणि हॅरी ग्रेगसन-विल्यम्स अशी जोडी होती. कुठला तुकडा कोणाचा, हे नुसतं ऐकून मला सांगता येईना. आमच्या विहिरीच्या प्रसंगाबद्दलही कोणाला सांगता येऊ नये.

२६ जून
निर्मात्याचा फोन आला. श्रेयनामावलीत माझं नाव ‘संगीत’ म्हणून आणि भाच्याचं ‘संगीत सहायक’ म्हणून घालू का, असं विचारत होते. मी नाही म्हटलं. ज्याला दुसऱ्याची सुरावट काढायचा अधिकार आहे आणि ज्याच्या सांगण्यावरून ती निघते, तो सहायक नव्हे. ‘संगीत’ या एका शब्दाखाली दोन्ही नावं, एकाच ओळीत, एकाच आकारात जाणार. त्यांनी मान्य केलं.