दम घ्यायला आलेले मासे

पहिल्याच रविवारी अर्ध्या तासात दोन रोहू लागले आणि तिथेच माझं डोकं फिरलं. रोहूचे ओठ झालरीसारखे मऊ असतात, गळ त्यातून अलगद सुटतो, हे सगळं मी त्याच संध्याकाळी बायकोला जन्मभर मासे पकडत आल्यासारखं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी बघू." तिला कसं कळलं कोण जाणे.

मी जळगावचा, सासुरवाडी धुळे तालुक्यातली. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा मेहुण्याने नाल्याकाठी तळं खोदून घेतलं. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल. काळी जमीन म्हणून खाली प्लास्टिकचा कागद टाकला नाही. रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली सोडली. सासरे, म्हणजे नाना, माळकरी. त्यांची अट एकच: मासा घरात आणायचा नाही. लागलेला मासा सालदाराच्या झोपडीत जायचा.

एप्रिल लागला आणि मासे लागायचे बंद झाले. सलग तीन रविवार मी नव्वदेक किलोमीटर गाडी मारून गेलो. दुपारी बारा ते चार टोपी घालून काठावर बसलो आणि पाण्यावरच्या थर्माकोलच्या तुकड्याकडे बघत राहिलो. तो तुकडा एखाद्या सरकारी फायलीसारखा जागचा हलत नव्हता. कणकेत हिंग घालून पाहिलं, सरकीची ढेप भिजवून पाहिली, गांडुळं खणली. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले. तिकडे तळ्यात 'बास' नावाचा मासा असतो. तो लागेनासा झाला की ती माणसं रबरी बेडूक पाण्यावरून ओढतात आणि तो धाडकन उडी घेतो. मी बेडूक मागवला. आपल्याकडच्या तळ्यात बास नाही, हा मुद्दा तो बेडूक घरी पोचल्यावर लक्षात आला.

सालदारबाबा गवत कापता कापता सगळं बघत होते. तिसऱ्या रविवारी त्यांना राहवलं नाही. "जवाई, पानी तपेल शे. मासा खाले जाईसन बसेल शे."

त्याला भूक नसेल तर ढेपेने काय होणार? घरी येऊन थोडं वाचलं. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. वर आमचं तळं उन्हाने निम्म्यावर आलेलं. शिवाय मी कटल्यासाठी गांडूळ तळाशी सोडत होतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं बारीक खाणं टिपतो. तळाशी चरतो तो मृगळ. म्हणजे तीन आठवडे मी चुकीच्या वेळी, चुकीच्या खोलीवर, चुकीच्या माशाची वाट बघत होतो.

मग शनिवारी मुक्कामालाच गेलो. पहाटे साडेपाचला तळ्यावर पोचलो आणि जागीच थांबलो. हिरव्यागार पाण्यावर सगळीकडे तोंडंच तोंडं. गोल, उघडी, चपचप आवाज करणारी. दहा-वीस नव्हे, पन्नास तरी असतील. हातभर अंतरावरचा रोहू मला बघूनही हलला नाही. मी थरथरत्या हाताने कणकेची गोळी लावली आणि बरोबर त्या तोंडांच्या मध्ये टाकली. गोळी एका माशाच्या नाकाला लागून बुडाली. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दुसरी टाकली, तिसरी टाकली. इतके मासे समोर आणि एकालाही माझी गोळी नको! एवढा अपमान लग्नाच्या पंगतीतसुद्धा झाला नव्हता.

मागून सालदारबाबा धावत आले. "त्या खावाले नही उनात जवाई, दम लेवाले उनात!"

पाणी हिरवं दिसतं ते बारीक शेवाळाने, आणि ते शेवाळ वाढावं म्हणून मेहुण्याने शेण टाकलं होतं, जरा सढळ हाताने. दिवसा ऊन असतं तोवर शेवाळ प्राणवायू देतं. रात्री मात्र तेही माशांसारखाच तो घेतं. उजाडता उजाडता पाण्यातला साठा तळाला जातो. मासे गुदमरत होते आणि मी त्यांना कणीक देत होतो.

नशिबाने तो आठवडा शेतीला रात्री लाईट मिळण्याचा होता, ती जायला अजून अवकाश होता. तळ्यातल्याच पाण्यावर मोटार लावली. पाइपाचं तोंड वर करून पाणी फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडायचं, असं बाबांनी ठरवलं. पाइप धरायला मी. कपडे भिजले, चष्मा भिजला. तासाभराने तोंडं एकेक करून पाण्याखाली गेली. दोन मासे उलटे तरंगत राहिले, ते बाबांनी जाळीने काढले.

संध्याकाळी लव्हाळ्याजवळ पाण्यावर एक बुडबुडा आला, मग वर्तुळ उठलं. थोड्या वेळाने पुन्हा तिथेच. बाबा म्हणाले, मरळ. ही तळ्यात कोणी सोडत नाही, नाल्यातून येते आणि बोटुकली खाते. हैदराबादला मृगाच्या दिवशी दम्यावर गिळायला देतात ते हिचंच पिल्लू. औषधाचं मला माहीत नाही, पण तिला स्वतःला मात्र दम लागत नाही. ती वर येऊन थेट हवा घेते, त्यामुळे बाकीचे गुदमरतात तेव्हाही ही शिकारीला मोकळी. मी पिशवीतून बेडूक काढला. "हाई काय शे?" म्हणत बाबांनी तो उलटसुलट केला आणि पोटभर हसले. मग त्यांनीच तो लव्हाळ्याच्या कडेने हळूहळू ओढायला सांगितला.

दुसऱ्या फेरीला पाणी फुटलं. तंगूस बोटाला कापत गेला. मी काठी ओढण्याऐवजी स्वतःच मागे पळत सुटलो आणि बांधावर आपटलो, पण मरळ माझ्यामागोमाग फरफटत गवतात आली. दीड किलो तरी असेल.

ती झोपडीत काळ्या मसाल्यात शिजली. कळण्याच्या भाकरीबरोबर मी तिथेच जेवलो. तीनदा साबण लावून घराकडे आलो, तरी पायरीवर लांबच टेकलो. नाना ओट्यावर हरिपाठ संपवून बसले होते. काय पकडलं, हे त्यांनी विचारलं नाही.

"लाईट दहाला येईल," ते म्हणाले. "पहाटे चारला मोटार लावायची आहे. उठवतो तुम्हाला."