तंग शिरस्त्राण

आमच्या माळ्यावर एका लांकडी पेटींत पणजोबांची पगडी अजून जपून ठेवलेली आहे. पगडीबंदानें माप घेऊन ती त्यांच्याच डोक्यासाठीं बांधली होती, आणि तिची खोड अशी कीं पणजोबांवांचून दुसऱ्या कोणाच्याहि डोक्यावर ती कधीं नीट बसली नाहीं. आजोबांना ती कानांवर येई, वडिलांना ती वरच अडे. लहानपणीं या गोष्टीचें आम्हांस मोठें हसूं येई. यंदा आमच्या पुतण्यासाठीं शर्यतीचें शिरस्त्राण, म्हणजे घरांत सगळे ज्याला हेल्मेटच म्हणतात तें, घेतलें तेव्हां त्या पगडीची आठवण झाली. हसूं मात्र आलें नाहीं.

कोल्हापुरास कार्टच्या शर्यती होतात हें वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. कार्ट म्हणजे चार चाकें, एक एंजिन आणि जमिनीला जवळजवळ टेकलेली एक बैठक. तिला छप्पर नाहीं, आणि शर्यतीच्या कार्टांत चालविणाराला बांधून ठेवणारा पट्टाहि नसतो. हें कळल्यावर वहिनींनीं दोन दिवस अबोला धरला. अखेर आईनें तोड काढली. "जायचें तर जाऊं दे," ती म्हणाली, "पण डोक्याला उत्तमांतलें उत्तम घ्या," आणि आपल्या साठवणींतले पैसे तिनें आमच्या हातांत ठेविले. आम्हीं पुतण्याच्या भुंवयांच्या अंगठाभर वरून फीत फिरविली, घेर ५८ सेंटिमीटर भरला, आणि त्या मापाचें हेल्मेट सांगलीस घरबसल्या मागविलें.

पुतण्यानें दोन्हीं पट्टे बाहेर ताणून तें डोक्यांत घातलें मात्र, त्याचे गाल असे गोळा झाले कीं आई म्हणाली, "अरे, तोंडांत मोदक आहे का?" त्याला धड उत्तरहि देतां येईना. मग एकत्र कुटुंबांत जें व्हावयाचें तें झालें. प्रत्येकाजवळ एक उपाय निघाला. आईच्या मतें नवी कोल्हापुरी वहाणहि चावते, एरंडेल चोळून चार दिवस वापरली कीं वठणीवर येते. दादांनीं नेमक्या घेराचें एक पातेलें शोधून काढलें व तें रात्रभर आंत कोंबावें असें सुचविलें. वहिनी म्हणाल्या, "एक माप मोठें आणा म्हणजे झालें."

यांतला वहिनींचा उपाय सर्वांत सोपा, आणि सर्वांत वाईट. सैल हेल्मेट आघाताच्या वेळीं डोक्यावर फिरतें, प्रसंगीं निघूनहि जातें. नवें हेल्मेट तंगच हवें. हातानें तें हलविलें तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. त्याच्या रचनेंत तीन थर असतात. बाहेर कठीण कवच, त्याच्या आंत थर्मोकोलचा जाड थर, आणि सर्वांत आंत कापड चढविलेल्या स्पंजच्या गाद्या. नारळ झाडावरून पडतो तेव्हां सोडण स्वतः दबून करवंटीला वांचवितें, तसें काम मधल्या थराचें. फरक एवढाच कीं थर्मोकोल एकदां दबला कीं पुन्हां फुगत नाहीं. म्हणून मोठा आघात झेललेलें हेल्मेट बाहेरून कितीहि धड दिसलें तरी टाकून द्यावयाचें असतें. वापरानें मऊ होतो तो केवळ स्पंज, आणि त्याला मऊ करावयाचें तें पातेल्यानें नव्हे, तर ज्याचें त्याच्याच डोक्यानें. १९५६ सालीं अमेरिकेंत पीट स्नेल नांवाचा हौशी शर्यतपटू डोक्यावर हेल्मेट असूनहि डोक्याच्याच दुखापतीनें गेला. त्याच्या मित्रांनीं पुढल्या वर्षीं त्याच्या नांवानें संस्था काढली. हेल्मेटें ऐरणीवर आपटून पाहणें हाच तिचा उद्योग. ती जी परीक्षा घेते तींत त्या मधल्या थराचीच खरी कसोटी लागते.

हें सारें आम्हीं घरांत मोठ्या ऐटीनें समजावून सांगितलें. तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविल्यावर एवढी ऐट अंगीं राहतेच. त्याप्रमाणें पुतण्या रोज संध्याकाळीं अर्धा-पाऊण तास हेल्मेट घालून अभ्यासाला बसूं लागला. आठ दिवसांत गालांच्या गाद्या निवळल्या, बोलणें समजूं लागलें. पण एके दिवशीं त्यानें तें लवकर उतरविलें, आणि कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा लाल वण आम्हांस दिसला.

"दुखतें का रे?"

"थोडें. होईल सवय, काका." मग हळूच म्हणाला, "आजीला सांगूं नका. तिचे पैसे आहेत."

त्या रात्रीं निजानीज झाल्यावर आम्हीं काय केलें तें सांगितलेंच पाहिजे. गादी सोडविली, कपाळाची जागा चांचपून काढली, आणि चमच्याच्या पाठीनें थर्मोकोल दाबला. नखाएवढी खळी पडली. मग आणखी थोडी. सकाळीं पुतण्या आनंदानें ओरडला, "काका, बसलें!" दोन दिवस आम्हीं कौतुक करून घेतलें. तिसऱ्या रात्रीं झोंप येईना. वर्गांत जें फळ्यावर लिहीत आलों, तें आपणच एका चमच्यानें पुसून टाकलें होतें, आणि तेंहि नेमकें कपाळावर.

शर्यत चार दिवसांवर आली होती. सकाळच्या चहाला सर्वांसमक्ष आम्हीं सांगून टाकलें. वहिनींनीं कप खालीं ठेविला. दादा म्हणाले, "नखाएवढ्या खळीनें काय होणार आहे?"

"बहुधा कांहींच नाहीं," आम्ही म्हणालों.

त्या 'बहुधा'वर दादांनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुतण्याला घेऊन आम्ही पुण्यास एका दुकानीं गेलों. तेथल्या तरुणानें मुलाच्या डोक्याकडे वरून पाहिलें आणि क्षणांत निदान केलें. घेर बरोबर होता. आकार चुकला होता. वाटोळ्या डोक्याचा घेर ५८ भरतो, तसा लांबट डोक्याचाहि भरतो. आमच्या पुतण्याचें डोकें पुढून मागें लांबट, आणि हेल्मेट होतें वाटोळें. म्हणून कपाळ चेंपे आणि कानशिलांपाशीं पोकळी राही. अशा वेळीं किती महिने घातलें तरी सवय व्हावयाची नाहीं. गालांच्या गाद्या तेवढ्या कमीजास्त जाडीच्या मिळतात व बदलतां येतात, मधला थर नाहीं. त्यानें त्याच मापाचें पण लांबट घडणीचें दुसरें दिलें, गालांच्या गाद्या थोड्या पातळ घातल्या, आणि अर्धा तास मुलाला तसेंच बसवून ठेविलें. उतरविल्यावर कपाळ स्वच्छ होतें. पगडीबंदाला ही विद्या फीत लावतांनाच येत असणार. पैसे अर्थात् आम्हीं दिले.

शर्यतींत पुतण्याचा क्रमांक शेवटून दुसरा आला. परत आल्यावर वहिनींनीं क्रमांक विचारण्याच्या आधीं त्याचें कपाळ पाहिलें.

राहिलें तें पहिलें हेल्मेट. आई म्हणाली, "एवढी महाग वस्तु! पेपर टाकणारा मुलगा उघड्या डोक्यानें स्कूटरवर हिंडतो, त्याला देऊं या." बाहेरून तें अगदीं कोरें दिसत होतें. आम्हीं गादी सोडवून तिला ती खळी दाखविली. तिनें तींत बोट घालून पाहिलें, आणि घरांत जाऊन कातर घेऊन आली. हनुवटीखालचा पट्टा मोठा चिवट निघाला. एका दमांत तुटेना.

"दोन्हींकडून काप," आई म्हणाली.