ध्रुवाच्या अंगाला

१९५६ साली नव्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूरऐवजी भोपाळला झाली आणि वडील कचेरीच्या फायलींबरोबर इकडे आले.

२०२४ साली व्याघ्रप्रकल्प झालेल्या रातापानीलगतच्या गावात आम्ही अधूनमधून तंबू ठोकतो. कॅमेरा उत्तरेला, ध्रुवाकडे. अर्धा तास शटर उघडे ठेवले की तारे साडेसात अंशांचे कंस काढतात. ध्रुव जवळजवळ जागचा हलत नाही. पण भोपाळही त्याच अंगाला! शहराच्या उजेडात बारीक तारे उमटतच नाहीत.

घरातल्या मराठीचेही तसेच होत चालले आहे. सीमाभागातल्या वाचकांना हे सांगायला नको.

परवा रात्री चितळ ओरडले. नातू कुजबुजला, "आजोबा, तेंदुआ?"

"बिबट्या असेल."

त्या अंधारात फोटो कसला निघतो! नातवाने मात्र शब्द दोनदा घोळवला, "बिबट्या... बिबट्या."