अंधार पडण्यापूर्वीं

गतवर्षीं हिवाळ्यांत चिरंजीवांकडे सॅन डिएगो येथें मुक्काम असतां मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पांत मोटारीनें जाण्याचा योग आला. चिरंजीवांचा हात दुखावलेला, म्हणून गाडी चालविणार सूनबाई. मजजवळ परवाना नाहीं. सल्ला मात्र भरपूर! वाचकांपैकीं कोणास असा योग आल्यास उपयोगीं पडावें, म्हणून तो अनुभव येथें देत आहें.

तयारी सूनबाईनें मोठ्या काळजीनें केली होती. अमेरिकेंतील मोटारीचा विमा मेक्सिकोच्या कायद्यास चालत नाहीं. म्हणून तिनें तेथील विमा निराळा उतरविला. अपघातांत कोणास इजा झाली, तर भरपाईची निश्चिती होईपर्यंत चालकास अटकावून ठेवूं शकतात, हेंहि तिनें मला समजावून सांगितलें होतें.

तिहुआनाहून एन्सेनादापर्यंत टोलचा प्रशस्त रस्ता आहे. पुढें १९७३ सालीं पूर्ण झालेला राष्ट्रीय मार्ग क्रमांक १ दक्षिण टोकापर्यंत जातो. तिहुआनापासून हें अंतर सुमारें १,७०० किलोमीटर. रस्ता बहुतेक दुपदरी, अरुंद. कित्येक ठिकाणीं कडेला गाडी उभी करावयासहि जागा नाहीं. गांव आलें कीं ‘तोपे’ नांवाचे गतिरोधक येतात. खुणेची पाटी दिसो वा न दिसो, गति उतरवावीच. तेथें रहदारी उजव्या बाजूनें चालते. पुढील मालमोटार डावा दिवा लुकलुकवूं लागली, तर ‘रस्ता मोकळा आहे, पुढें जा’ असा अर्थ घेतात. पण डावीकडे वळण्याचीहि तीच खूण! स्वतःच्या डोळ्यांस दिसल्याखेरीज पुढें जाऊं नये. एल रोसारिओ येथें टाकी भरून घ्यावी. पुढें ३०० किलोमीटरांहून अधिक अंतरांत नेहमींचा पेट्रोलपंप नाहीं.

काताविन्यास पोहोंचलों, तेव्हां तीन वाजून गेले होते. भोंवतीं प्रचंड धोंडे आणि त्यांमध्यें उलट्या गाजरासारखे सिरिओ वृक्ष. सूनबाई म्हणाली, “बाबा, आज येथेंच राहूं या. ह्या रस्त्यावर अंधारांत जाऊं नये म्हणतात.”

मी म्हणालों, “गेरेरो नेग्रोच्या खोलीचे पैसे देऊन झाले आहेत. सव्वादोनशें किलोमीटर तें काय!”

ती क्षणभर थांबली आणि तिनें गाडी सुरू केली.

हिवाळ्याचा दिवस लवकर मावळला. एका वळणापुढें दिव्यांच्या उजेडांत एकदम काळी गाय उभी! ना दावें, ना गुराखी. गाडी थांबली, तेव्हां दोहोंमध्यें हातभर अंतर उरलें नव्हतें. मागून मालमोटार येत नव्हती, हें आमचें दैव. गाय सावकाश निघून गेली. कोणी कांहीं बोललें नाहीं. चाकावरील सूनबाईचे हात मात्र कांपत होते.

त्या हातांकडे पाहतांना मला उमगलें. गायीच्या जागीं तिचा धनी असता, तर अटक सूनबाईला झाली असती. हट्ट मात्र माझा होता. तिनें माझा शब्द मानला, तो पटला म्हणून नव्हे, मी वडील म्हणून. ज्याच्या हातीं चाक नाहीं, त्याच्या शब्दाला असा मान मिळत असेल, तर त्यानें तो शब्द फार जपून उच्चारावा.

उरलेलें अंतर आम्हीं अगदीं हळूहळू कापलें. दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं मी म्हणालों, “काल माझें चुकलें. यापुढें मुक्काम कोठें करावयाचा, तें तूं ठरवीत जा.”

ती हंसली. “मग आज सान इग्नासिओपर्यंतच, बाबा!”

जेमतेम दीडशें किलोमीटरांचा तो प्रवास. आम्ही दोन प्रहरींच पोहोंचलों. गांवाभोंवतीं खजुरीचें दाट बन, मध्यें अठराव्या शतकांतील दगडी चर्च, आणि तें सारें निवांत पाहावयास भरपूर उजेड शिल्लक होता.