एकच गोळी, दोन दुखणी

मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. यात शरीराच्या रक्षक पेशी आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतात. सकाळी बोटं इतकी आखडायची की पोळ्या लाटणं सोडाच, नळही उघडता येत नसे. त्या पेशींना आवर घालायला मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घेते. दादाचा गालाचा कॅन्सर ऑपरेशन आणि रेडिएशननंतर उलटला, तेव्हा त्याच्या चिठ्ठीवरही डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच लिहिलं. तेही आठवड्यातून एकदाच.

"अगं, तुझी वाताची गोळी मला कशाला?" दादाने विचारलं.

फरक चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत होता. तिथे निव्होलुमॅबचं इंजेक्शन होतं, आणि त्याचं काम माझ्या उपचारांच्या अगदी उलट होतं.

माझं दुखणं आधीचं. गोळ्यांनी भागेना म्हणून मला ॲडॅलिमुमॅबची इंजेक्शनं सुरू झाली होती. रक्षक पेशी टीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात, त्याने सांध्यांची सूज भडकते. इंजेक्शन ते प्रथिन अडवतं. बोटं मोकळी झाली, होळीला मी पुरणपोळ्या केल्या. मग संध्याकाळचा ताप येऊ लागला, रात्री घामाने अंथरूण भिजू लागलं, मानेत गाठ आली. खोकला नव्हता, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. गाठीत सुई घालून तपासल्यावर क्षय निघाला.

क्षयाचे जंतू आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. मॅक्रोफेज आणि टी पेशी या रक्षक पेशी त्यांच्याभोवती कडं करतात, त्यांना तिथेच कोंडून धरतात. हे कडं टिकायला लागतं ते हेच टीएनएफ. सांध्यांसाठी ते अडवलं आणि कोंडलेले जंतू सुटले. याच जातीच्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाबाबत हा धोका २००१मध्येच नोंदला गेला होता. म्हणून इंजेक्शनाआधी लपलेल्या क्षयासाठी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करायची असते. माझा फक्त एक्स-रे काढला गेला. त्याचा राग मला आजही येतो. एकेटी, म्हणजे क्षयावरची औषधं, सुरू झाली, इंजेक्शन बंद झालं आणि सांधे पुन्हा पेटले.

दादाच्या शरीरात भानगड उलटी होती. टी पेशींच्या अंगावर पीडी-१ नावाचा लगाम असतो. क्योतोच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२मध्ये तो शोधला. २०१८चं नोबेल होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना मिळालं. निरोगी माणसात हा लगाम पेशींना आपल्याच अवयवांवर धावून जाऊ देत नाही. कॅन्सरच्या पेशी नेमका तोच खेचून धरतात आणि बचावतात. निव्होलुमॅब ती पकड सोडवतं. पण त्याचा पूर्ण डोस परवडणारी माणसं आपल्याकडे थोडीच.

परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांना तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. पूर्ण डोसच्या दहा टक्क्यांहूनही हे कमी. सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिबच्या गोळ्या. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षाने सुमारे १६ टक्के हयात होते. इंजेक्शनही घेणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के. आमच्या डॉक्टरांनी हे दोन आकडे कागदावर लिहून दादापुढे ठेवले. पैशाअभावी ज्यांना हे औषध मिळणारच नव्हतं, त्यांच्यासाठी कुणीतरी इतका खटाटोप केला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

दादाची गाठ आक्रसली. तो आमटी-भात कालवून खाऊ लागला. पुढे मात्र त्याला सतत थंडी वाजायची, आवाज घोगरा झाला, दिवसभर झोप यायची. सुटलेल्या पेशींनी त्याच्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला केला होता. म्हणजे माझ्या दुखण्याचं भावंड त्याला झालं. थायरॉक्सिनच्या गोळीवर ते निभावलं. दादाला वर्षाहून जास्त मिळालं. नंतर गाठ औषधाला जुमानेनाशी झाली आणि तो गेला.

२०२५चं नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना जाहीर झालं, ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. इतर टी पेशींना आवरणारा टी पेशींचाच एक वेगळा गट असतो, हे साकागुचींनी १९९५मध्ये दाखवलं. या पेशी कमी पडल्या की शरीर स्वतःलाच ओरबाडू लागतं. आणि कॅन्सरच्या अनेक गाठी याच पेशी आपल्याभोवती जमवून सुरक्षित राहतात. आमच्या घरातली दोन्ही दुखणी एकाच बातमीत होती.

आम्हा दोघांसाठीही नातेवाईक मायेने 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' चूर्णं आणत. माया खरी होती, पण प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणजे नेमकी कोणती, आणि कुणाविरुद्ध? माझी वाढवली तर सांधे जातात, दबली तर क्षय उठतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही घेऊ नका.

आमवातासाठी टीएनएफ अडवणारं इंजेक्शन सुरू होणार असेल, तर क्षयाची चाचणी झाली का, हे आधी विचारा. एक्स-रेवर समाधान मानू नका. आणि घरात कुणाला निव्होलुमॅबसारखं औषध चालू असेल, तर जुलाब, दम लागणं, नवा खोकला किंवा न ओसरणारा थकवा दिसताच पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.